गाडीची वॉरंटी: ऐकीव आणि छापील

ऑन-रोड किमतीवर तासभर घासाघीस करणारा माणूस वॉरंटीची पुस्तिका मात्र न उघडताच ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो. पुढे शेजारी, मेकॅनिक आणि शोरूमवाला सांगतील तीच त्याची वॉरंटी.

सगळ्यात पक्का समज हा, की बाहेरच्या गॅरेजात बॉनेट उघडलं की वॉरंटी संपली. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुट्या भागांच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच आदेशात आयोगाने बजावलं होतं, की ग्राहक बाहेर गेला एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिलं आणि वाद लांबला, त्यामुळे केवळ त्याच्या जोरावर काउंटरवर भांडायला जाण्यात अर्थ नाही. व्यवहाराचं सांगायचं तर पंक्चर, वायपर, धुणं-पुसणं खुशाल बाहेर करा. वेळापत्रकातली सर्व्हिसिंग मात्र वॉरंटी असेपर्यंत अधिकृत ठिकाणीच करा आणि पक्कं बिल जपा. इंजिन बिघडलं की पहिल्यांदा सर्व्हिसच्या नोंदीच तपासल्या जातात.

आता 'गाडी फिरतच नाही, सर्व्हिसिंग कशाला?' म्हणणारे. अनेक गाड्यांच्या वेळापत्रकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. वर्ष उलटलं की चार हजार किलोमीटरची सबब चालत नाही. आणि यात कंपनीचा नुसता धंदा नाही. रोज मंडईपर्यंतच जाणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही. ऑइलमध्ये उतरलेला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. अशा गाडीचं ऑइल हायवेवर धावणाऱ्या गाडीपेक्षा लवकर खराब होऊ शकतं.

ऑइल जाड तेवढं इंजिन सुरक्षित, हा जुन्या मेकॅनिकांचा विश्वास त्यांच्या काळात चुकीचा नव्हता. तेव्हाच्या गाड्या २०डब्ल्यू-४० वर वर्षानुवर्षं चालल्या. आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ ०डब्ल्यू-१६ लागतं. जाड ऑइल सकाळच्या पहिल्या स्टार्टला वरपर्यंत उशिरा पोचतं, मायलेजही खातं. चुकीचा ग्रेड बिलावर छापला गेला, तर दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

'फ्री सर्व्हिस'मध्ये फुकट असते ती मजुरी. ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. एस्टिमेटमध्ये इंजिन फ्लश, डीकार्बनायझेशन, कोटिंग अशी नावं दिसली तर पुस्तिकेतलं वेळापत्रक काढून बघा. त्यात नसतील तर सरळ नको म्हणा. वॉरंटीला धक्का लागत नाही.

तीन वर्षं वॉरंटी म्हणजे तीन वर्षं सगळा खर्च कंपनीचा, असंही नाही. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. मुदत वाढली, व्याप्ती तीच: भागातला किंवा बनावटीतला दोष. ब्रेक पॅड, क्लच प्लेट झिजणारच. टायर आणि बॅटरीची वॉरंटी सहसा त्यांच्या उत्पादकांची. वायर कापून बसवलेल्या हॉर्नमुळे शॉर्ट सर्किट झालं किंवा उंदरांनी वायरिंग कुरतडलं, तर तो भुर्दंड तुमचा.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान वॉरंटीत बसत नाही. साध्या सर्वंकष विम्यातही सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं जादा कवच घ्यावं लागतं.

एवढं सांभाळूनही दावा नाकारला, तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कोणत्या कलमाखाली नाकारला ते जॉब कार्डवर किंवा ईमेलवर लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.