नागीण आणि 'ड' जीवनसत्त्व

साठीच्या घरात पोहोचलेल्या व्यक्तीच्या छातीच्या वा कमरेच्या एकाच बाजूस आग होऊ लागते, दोन-तीन दिवसांत पाणीदार फोडांचा पट्टा उठतो आणि घरात कुजबुज सुरू होते, 'नागिणीची दोन तोंडे जुळली तर धडगत नाही.' ही समजूत निराधार आहे. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो. वयोमानाने वा आजारपणाने प्रतिकारशक्ती क्षीण झाली, की तो मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणूनच हा पट्टा बहुधा एकाच बाजूस राहतो.

प्रतिकारशक्तीच्या कार्यात 'ड' जीवनसत्त्वाचा वाटा असतो. नागिणीच्या, विशेषतः फोड सुकल्यावरही वेदना रेंगाळणाऱ्या रुग्णांमध्ये त्याची पातळी कमी असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. परंतु दोन नोंदी एकाच पानावर आल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वार्धक्यात अंगावर ऊन कमी पडते आणि नागिणीचा धोकाही वाढतो. 'ड' जीवनसत्त्व घेतल्याने नागीण टळते, हे सिद्ध झालेले नाही.

तरीही दिवसभर पेढीवर बसणाऱ्यांनी हाडांच्या व स्नायूंच्या आरोग्यासाठी या जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावे. रक्तातील त्याचे प्रमाण दर मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास सामान्यतः कमतरता मानतात. शाकाहारातून ते फारच थोडे मिळते; मुख्य स्रोत सूर्यप्रकाशच. पूरक औषध घेताना वेष्टनावरील मजकूर वाचावा. अनेक कॅप्सूलांचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असते, तर डी-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनते. दगडफुलाच्या वर्गातील वनस्पतिसदृश लायकेनपासून बनविलेले डी-3ही मिळते. मात्र मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

खरी निकड वेळेची आहे. विषाणुरोधक औषध फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. लेप, उतारे वा जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांत ते तास दवडू नयेत. कपाळावर वा डोळ्याजवळ फोड आल्यास दृष्टीला धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. फोड सुकेपर्यंत गर्भवती स्त्रिया व तान्ह्या बाळांपासून दूर राहावे. पन्नाशीनंतरच्या व्यक्तींसाठी दोन मात्रांची प्रतिबंधक लस 2023 पासून भारतातही उपलब्ध आहे; तिच्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

ऊन अंगावर घेणे हिताचे आहेच; पण नागीण उठल्यावर पहिले पाऊल दवाखान्याकडेच पडावे.