प्रवाळखडकांच्या पाहणीत ड्रोनचा उपयोग

उथळ व उबदार समुद्रातील प्रवाळखडक म्हणजे मासळीचे माहेरघर होय. त्यांच्या कपारींत अनेक जातींच्या माशांची पिले वाढतात. लाटांचा जोरही तेथेच मोडत असल्याने किनाऱ्याचे रक्षण होते. समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळजीव आपल्या अंगातील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात व पांढरे पडतात. असा प्रवाळ तत्काळ मरत नाही. काही आठवड्यांत पाणी निवल्यास तो पुन्हा सावरू शकतो. म्हणूनच पाहणी वेळेवर होणे अगत्याचे असते.

पाणबुड्यास एका दिवसात थोडाच भाग पाहता येतो. उपग्रह विस्तीर्ण प्रदेश टिपतो खरा. परंतु ‘सेंटिनेल-२’ उपग्रहाच्या चित्रातील लहानात लहान ठिपकाही १० मीटर रुंदीचा असतो, आणि आभाळ भरून आले की खालचे काहीच दिसत नाही. ही उणीव ड्रोन भरून काढतो. ढगांखालून, कमी उंचीवरून उडत तो शेकडो छायाचित्रे घेतो. ती संगणकाने जोडली असता काही सेंटिमीटरपर्यंतचा तपशील दाखविणारा नकाशा तयार होतो.

उड्डाणासाठी ओहोटीची व मंद वाऱ्याची वेळ निवडावी. सूर्य माथ्यावर असता पाण्याच्या चकाकीने तळ झाकला जातो. म्हणून सकाळची वेळ बरी. लाटांमुळे चित्र वेडेवाकडे होते, यावरही उपाय निघाला आहे. लाटा भिंगाप्रमाणे प्रकाश एकवटतात, याचाच लाभ घेणारी पद्धती वेद चिरायथ या शास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या नासा संस्थेतील संशोधनात विकसित केली. २०१३ साली अमेरिकन सामोआतील प्रवाळखडकांवर ती वापरून पाहण्यात आली.

महाराष्ट्रात मालवणजवळ उथळ पाण्यात प्रवाळ आढळतात. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. पावसाळ्यानंतर पाणी निवळल्यावर अशा ठिकाणी ही पद्धती उपयोगी पडू शकेल. विजयदुर्गच्या पश्चिमेस भर समुद्रात असलेली आंग्रिया बँक मात्र सुमारे २० मीटर वा अधिक खोल पाण्याखाली असल्याने तेथे ड्रोनचा इलाज चालत नाही.

शिवाय वरून तपकिरी दिसणारा खडक जिवंत आहे, की मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढले आहे, याचा निर्णय पाण्यात उतरूनच करावा लागतो. कोठे उतरावे, हे ड्रोन सांगतो. मच्छीमार बांधवांनीही खडक पांढरे पडलेले दिसल्यास ठिकाण व तारीख टिपून मत्स्यव्यवसाय खात्यास त्वरित कळवावे. कारण या कामी उशिरा मिळालेली माहिती केवळ नुकसानीची नोंद ठरते.