ऊसतोड बाईची लघवीची दुखणी आणि ‘ड’ जीवनसत्त्व

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या गाव सोडतात. फडात कोप्यांजवळ संडास नसतो, म्हणून बाया पाणीच कमी पितात आणि लघवी अंधार पडेपर्यंत धरून ठेवतात. तुंबलेल्या लघवीत जंतूंना वाढायला वेळ मिळतो. मग जळजळ, सारखी लागणं, ओटीपोटात दुखणं. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, त्यामुळे हे सगळं अंगावर काढलं जातं.

या हालांचा शेवट अनेकींच्या बाबतीत ‘पिशवी’ काढण्यात झाला. २०१९ मध्ये या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. हा आकडा संताप आणणाराच आहे. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले असतील, तर इस्ट्रोजेन एकदम ओसरतं. मूत्रमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, हाडंही लवकर झिजू लागतात.

‘ड’ जीवनसत्त्वाचा संबंध येतो तो इथे. मूत्राशयाच्या पेशी आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याला प्रतिसाद देतात. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांना २०१० मध्ये असं दिसलं, की पाळी गेलेल्या स्त्रियांना ‘ड’ दिल्यावर त्यांच्या मूत्राशयाच्या पेशी जंतूंशी गाठ पडताच कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक द्रव्य जास्त बनवतात. दिवसभर उन्हात राबणारीला ‘ड’ कमी कसं पडेल? पण उसाच्या पाचटाने अंग कापू नये म्हणून ती साडीवर पुरुषी शर्ट चढवते, डोकं-तोंड बांधून घेते. शिवाय सावळ्या कातडीत ‘ड’ सावकाश तयार होतं. रक्त तपासल्याशिवाय काहीच गृहीत धरू नये.

तरी गोळीवर फार भिस्त नको. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत पंचावन्न वर्षांपुढच्या स्त्रियांना रोज २००० युनिट ‘ड’ दिलं गेलं. लघवी न रोखता येण्याचं प्रमाण त्याने एकंदरीत घटलं नाही. कमतरता असेल तर हाडांसाठी गोळी हवीच. लघवीच्या त्रासाला मात्र आधी लघवीची तपासणी, योग्य प्रतिजैविक, भरपूर पाणी आणि फडावर संडास हवा. तो साखर कारखान्यांनी बांधून द्यायलाच हवा.

ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईने दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत आणि बीजकोश काढलेत का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. पुढचे उपचार त्यावर ठरतात.