सहरीची हंडी, आईची झोप

रमजानच्या पहाटे कुठल्याही मोहल्ल्यातून चक्कर मारली, तर एक गोष्ट लक्षात येते. घरातला पहिला दिवा लागतो तो स्वयंपाकघरात. बाकीच्या खोल्या तेव्हा अंधारातच असतात. सहरी संपायला सव्वा तास असताना घरातली बाई उठते, कणीक मळते, रात्रीचे सालन गरम करते, चहाचे आधण ठेवते आणि मग एकेकाला हाका मारू लागते. मुले डोळे चोळत दस्तरखानावर येतात. तव्यावरून गरम पोळ्या येत राहतात. मशिदीच्या भोंग्यावरून पाच मिनिटे उरल्याची सूचना होते, तेव्हा कुठे ती खाली बसते. दोन घास पोटात जातात, दोन पेले पाणी घाईघाईने प्यायले जाते आणि फजरची अजान होते.

सहरी म्हणजे रोजा सुरू होण्याआधी, पहाट फुटण्यापूर्वीचे जेवण. ते घेणे सुन्नत आहे आणि त्यात बरकत आहे, अशी श्रद्धा आहे. पण रोजा त्या बाईचाही असतो. दिवसभराची तहान-भूक तिलाही असते, संध्याकाळी इफ्तारची तयारी असते, रात्री तरावीहची नमाज असते. झोप मात्र सगळ्यांत कमी तिच्याच वाट्याला येते. महिनाभर.

या अडचणीवर माणसांनी फार पूर्वी एक उपाय शोधला होता. तो साधा होता: कडधान्याची हंडी रात्री मंद आचेवर ठेवायची आणि सकाळी उघडायची. आज दुकानात डब्यात मिळणारे आणि आपल्याकडे हॉटेलातल्या इंग्रजी नाश्त्यामुळे माहीत झालेले ‘बेक्ड बीन्स’ हे त्याच उपायाचे एक रूप आहे.

राखेत पुरलेली हंडी

इजिप्तमध्ये सहरीचा सर्वांत ओळखीचा पदार्थ म्हणजे ‘फूल मुदम्मस’. हे फूल म्हणजे आपले झाडावरचे फूल नव्हे. अरबीत फूल म्हणजे बाकला, वालासारखे पण जरा थोराड कडधान्य. मुदम्मस या शब्दाचा अर्थ ‘पुरलेला’ असा सांगितला जातो, आणि तो अगदी शब्दशः खरा होता. कैरो शहरात सार्वजनिक हमाम असत. त्यांचे पाणी तापवणाऱ्या भट्ट्या दिवसभर धगधगत. रात्री त्या भट्टीच्या गरम राखेत भिजवलेल्या बाकल्याच्या हंड्या गळ्यापर्यंत पुरून ठेवत आणि तोंडे घट्ट बंद करत. सकाळी त्यातून लोण्यासारखा मऊ बाकला निघे. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने 1836 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इजिप्शियन लोकजीवनावरील ग्रंथात या पद्धतीची नोंद केली आहे. एकाच भट्टीवर शहराची अंघोळ होई आणि नाश्ताही शिजे. इंधन वेगळे लागत नसे आणि रात्री जागायलाही कोणी लागत नसे. आजही तिथे निमुळत्या गळ्याच्या मोठ्या हंडीतून फूल वाढतात. त्यावर तेल, जिरेपूड, लिंबू, लसूण घालतात आणि गव्हाच्या जाडसर रोटीबरोबर खातात.

ज्यू समाजात हाच उपाय वेगळ्या कारणाने आला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारची रात्र पडेपर्यंत त्यांचा शब्बाथ असतो आणि त्या काळात विस्तव पेटवायचा नसतो. मग शनिवारी दुपारी गरम जेवण कसे मिळणार? शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वीच हंडी भट्टीत ठेवायची. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत त्या हंडीत घेवडा, जव आणि मांस असे. मोरोक्कोतल्या घरांत हरभरे आणि अख्खी अंडी असत. मोरोक्कोतल्या या पदार्थाचे एक नाव आहे ‘दफीना’. हा शब्द उर्दूत पुरून ठेवलेल्या धनासाठी वापरतात, आणि मराठीतला ‘दफन’ त्याच अरबी मुळाचा. इजिप्तचा मुसलमान आणि मोरोक्कोचा ज्यू, दोघांनीही आपल्या हंडीला पुरण्यावरूनच नाव दिले.

महाराष्ट्रालाही शब्बाथ परका नाही. कोकणातले बेने इस्राएल लोक तेलघाण्याचा व्यवसाय करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. त्याच रायगड जिल्ह्यात थंडीत पोपटी लागते. वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात भरून मडके उलटे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. ती रात्रभराची हंडी नव्हे, पण मडक्याच्या पोटात शेंग तिच्याच वाफेवर शिजवण्याची युक्ती तीच.

बॉस्टनचा शनिवार

तिसरी हंडी ख्रिस्ती घरातली. सतराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर गेलेले प्युरिटन लोक धर्माचरणात कडक होते. त्यांचा विश्रांतीचा दिवस शनिवारी संध्याकाळीच सुरू होई. त्या काळात घरकाम टाळायचे असे. म्हणून शनिवारी विटांच्या भट्टीत घेवड्याचे मातीचे भांडे ठेवत. तेच रात्री जेवायला आणि रविवारी सकाळी न्याहारीला होई. लहान पांढरा घेवडा, कांदा, मोहरी, खारवलेले डुकराचे मांस आणि उसाची काळी काकवी एवढेच त्यात असे. ही काकवी कॅरिबियन बेटांवरून येई. तिथल्या उसाच्या मळ्यांत गुलाम राबत. एका घराच्या विश्रांतीमागे दुसऱ्याचे न संपणारे श्रम होते, हेही या पदार्थाच्या इतिहासात लिहिलेले आहे. बॉस्टन शहराला ‘बीनटाउन’ हे टोपणनाव याच पदार्थावरून मिळाले.

पुढे कारखान्यांनी हा पदार्थ डब्यात भरला. टोमॅटोच्या रश्श्यातला डबा इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचला. दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनिंगच्या काळात त्यातला डुकराचा तुकडा गेला आणि ब्रिटिश डबा जवळजवळ शाकाहारी झाला. अमेरिकी डब्यांत मात्र तो अजूनही बऱ्याचदा असतो. म्हणून मुस्लिम घरांनीच नव्हे, शाकाहारी घरांनीही डब्यावरची बारीक अक्षरे वाचलेली बरी. आणखी एक गंमत म्हणजे नाव ‘बेक्ड’ असले तरी डब्यातला घेवडा बहुधा भट्टीत भाजलेला नसतो, डबा सीलबंद केल्यावर तो आतल्या आत वाफेच्या उष्णतेने शिजवतात.

घरी करायचे तर सामान इथलेच आहे. बेक्ड बीन्सचा घेवडा आणि राजमा या एकाच जातीच्या वनस्पती, मूळच्या अमेरिका खंडातल्या. किराणा दुकानात पांढरा राजमा मिळतो. तो नसेल तर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडाही चालेल. गुलाबीसर दाण्यावर लाल पट्टे असलेल्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. काकवी कोल्हापूरकडची मिळाली तर उत्तम, नाहीतर गूळ.

सहरीसाठी घरचे बेक्ड बीन्स

*साहित्य:* पांढरा राजमा अर्धा किलो, टोमॅटो अर्धा किलो, मध्यम कांदे 2, लसूण 8 पाकळ्या, गूळ 75 ग्रॅम किंवा काकवी 4 मोठे चमचे, मोहरीची पूड 1 चहाचा चमचा, मिरपूड अर्धा चमचा, लवंगा 2, दालचिनीचा बोटभर तुकडा, लाल तिखट 1 चमचा, चिंचेचा कोळ 1 मोठा चमचा, तेल 3 मोठे चमचे, मीठ 2 सपाट चहाचे चमचे. सहा ते आठ माणसांना पुरेल.

मिठाचे माप मुद्दाम दिले आहे. रोजा असताना चव घेऊन पाहणे बरेच जण टाळतात, सगळा अंदाजाचा कारभार. मीठ थोडे कमीच ठेवावे, कारण खारट सहरीची तहान दिवसभर छळते. उरलेले ताटात घेता येते.

*कृती:* राजमा सकाळी भरपूर पाण्यात भिजत घालावा. कडक उन्हाळ्यात भांडे फ्रीजमध्ये ठेवावे. आठ तासांनी ते पाणी फेकून द्यावे. नव्या पाण्यात राजमा मोठ्या आचेवर खळखळून दहा मिनिटे उकळावा. मग कुकरला दोन शिट्ट्या करून आच बारीक करावी आणि दहा मिनिटांनी बंद करावी. दाणा बोटांत दाबला की मऊ लागावा, पण फुटलेला नसावा. कच्चा राहिला असेल तर आणखी एक शिट्टी करावी.

दाणा मऊ झाल्याशिवाय टोमॅटो, चिंच आणि गूळ घालू नये. आंबट आणि गोड पदार्थांमुळे दाण्याची साल घट्ट राहते आणि मग कितीही शिजवले तरी तो कडकच लागतो. हाच गुण नंतर कामी येतो: मऊ झालेला दाणा त्या रश्श्यात तासन्‌तास राहिला तरी त्याचा लगदा होत नाही.

जाड बुडाच्या भांड्यात तेलावर लवंग, दालचिनी, लसूण आणि बारीक चिरलेला कांदा परतावा. टोमॅटोचा गर घालून तेल सुटेपर्यंत शिजवावे. मोहरीपूड, मिरपूड, तिखट, गूळ, चिंच, मीठ आणि राजमा घालावा. राजम्याचेच शिजलेले पाणी दाणे बुडून वर अर्धे बोट येईल एवढे ओतावे. ओव्हन असेल तर झाकण लावून 150 अंश सेल्सियसवर तीन तास ठेवावे आणि शेवटचा अर्धा तास झाकण काढावे. ओव्हन नसेल तर जुन्या तव्यावर भांडे ठेवून अगदी बारीक गॅसवर दीड-दोन तास ठेवावे. मधून मधून पाणी पाहावे आणि तळ ढवळावा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे द्रव्य असते. ते पोटात गेले तर काही तासांत उलट्या-जुलाब होतात, आणि रोजेदाराला ते परवडणारे नाही. खळखळत्या उकळीने ते नष्ट होते, मंद आचेने होत नाही. म्हणून विजेवरच्या स्लो कुकरमध्ये भिजवलेला राजमा थेट टाकू नये, आधी उकळावाच. इजिप्तचा बाकला कुणी मिळवून केला, तर जी-6-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांनी तो अजिबात खाऊ नये. त्याने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हमामच्या भट्टीची नक्कल घरात करू नये. रात्री गॅस चालू ठेवून झोपणे धोक्याचे आहे, आणि गॅस बंद करून हंडी उन्हाळ्याच्या रात्रभर ओट्यावर ठेवली तर पहाटेपर्यंत ती आंबू शकते. आजची युक्ती थोडी निराळी आहे. असरनंतर राजमा उकळून घ्यावा आणि रश्श्यात घालून मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये ठेवावा. इफ्तार आणि मगरिबची नमाज होईपर्यंत ओट्यावर लक्ष असतेच. तरावीहच्या सुमाराला हंडी उतरवून पसरट भांड्यात निववावी आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी. पहाटे थोडे पाणी घालून उकळी आणली की दहा मिनिटांत सहरी तयार. हा पदार्थ शिळा झाल्यावर अधिक मुरतो. तीन दिवस सहज टिकतो. सोबत पाव, उकडलेले अंडे, चिरलेला कांदा आणि लिंबू. आदल्या रात्रीची पोळीही चालते.

सहरीला कडधान्य चांगले का, याचे उत्तर सोपे आहे. त्यातले पिष्ट हळूहळू पचते, प्रथिने आणि चोथा भरपूर असतो, त्यामुळे पोट लवकर रिकामे वाटत नाही. मैद्याचे आणि तळलेले पदार्थ खाऊन दहा वाजताच येणारी गळाठी यात येत नाही.

उरलेली दहा मिनिटे

हंडीने सव्वा तासाचे काम दहा मिनिटांवर आणले. पण ही दहा मिनिटे कुणाची, हा प्रश्न उरतोच. फ्रीज उघडून भांडे गॅसवर ठेवायला पंधरा वर्षांच्या मुलालाही येते, घरच्या कर्त्या पुरुषालाही येते. पैगंबर मोहम्मद (स.) घरी असत तेव्हा घरच्या कामात हातभार लावत, असे हजरत आयेशा (र.) यांच्या हवाल्याने हदीसमध्ये आले आहे. दाढी, टोपी, खजूर यांची सुन्नत जपणाऱ्या घरांत ही सुन्नत बऱ्याचदा विसरली जाते.

रमजानचे शेवटचे दहा दिवस विशेष मानले जातात. त्यातल्या विषम रात्रींत लैलतुल कद्र, म्हणजे हजार महिन्यांहून मोलाची रात्र शोधायची असते. पुरुष मशिदीत जागतात. स्त्रिया घरी जागतात, पण बऱ्याचदा कणीक मळण्यासाठी. ज्या घरात हंडी आदल्या संध्याकाळीच तयार असेल आणि पहाटे ती गरम करायला दुसरे कोणी उठेल, त्या घरातल्या बाईला एक तास मिळेल. त्या तासात ती नमाज पढेल, कुराण वाचेल किंवा नुसती झोपेल. त्या तासाचे काय करायचे, हे तिने ठरवावे.