लाइट गेली, पूर आला. नोंदी कुठे गेल्या?

भामरागडच्या बाजारपेठेत पर्लकोटेचा पूर शिरला की रस्ता तुटतो, लाइट जाते आणि मागोमाग नेटवर्कही जातं. एटापल्ली, कोरची, सिरोंचा, थोड्याफार फरकानं सगळीकडे पावसाळा असाच असतो. तरीही सातबारा, रेशनचं धान्य, रोजगार हमीची हजेरी, बँकेत जमा होणारी मजुरी हे सगळं आता कुठल्या ना कुठल्या यंत्रात नोंदवलं जातं. अशा नोंदी कशा टिकतात, कशा जातात, याबद्दल लोकांनी आपापले ठोकताळे बांधले आहेत. काही उगाच घाबरवतात, काही उगाच निर्धास्त करतात. महागात पडतात ते दुसऱ्या प्रकारचे.

गैरसमज : व्यवहार चालू असताना लाइट गेली की अर्धवट नोंद होते आणि हिशेब कायमचा बिघडतो.

ही भीती खरी ठरू नये म्हणूनच संगणकशास्त्रातलं एक फार देखणं काम झालं आहे. व्यापाऱ्याची रोजकीर्द आणि खतावणी आठवा. व्यवहार आधी कीर्दीत चढतो, मग सवडीनं खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. खतावणी फाटली तरी कीर्द शाबूत असेल तर ती पुन्हा उभी करता येते. बँकेचा डेटाबेस असंच वागतो. खात्यातला आकडा बदलण्याआधी काय बदलणार आहे याची ओळ तो ‘लॉग’मध्ये लिहितो, आणि ती ओळ डिस्कवर पक्की पोचल्याशिवाय व्यवहार झाल्याचं कळवत नाही. लाइट आल्यावर यंत्र लॉग वाचतं, पूर्ण झालेले व्यवहार कायम करतं आणि अर्धे राहिलेले मागे फिरवतं.

या पद्धतीची सर्वांत प्रसिद्ध मांडणी म्हणजे ‘एरीज’. तिच्यावरचा शोधनिबंध 1992 साली प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक सी. मोहन हे आयआयटी मद्रासमध्ये शिकून आयबीएमच्या संशोधन केंद्रात गेलेले. एरीजमधली एक गोष्ट तर गडचिरोलीसाठीच सुचली असावी असं वाटतं. अर्धवट व्यवहार मागे फिरवताना, त्या मागे फिरवण्याचीही नोंद ती लॉगमध्ये करत जाते. म्हणजे दुरुस्ती चालू असताना लाइट दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा गेली, तरी यंत्राला आपण कुठवर आलो होतो हे कळतं. ज्यांच्याकडे तासाभरात चारदा लाइट जाते त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. टाइप केलेला पण सेव्ह न केलेला अर्ज या संरक्षणात येत नाही. आणि नेटवर्क नसताना मोबाइलमध्ये केलेली नोंद फोन बंद पडला तरी सहसा टिकते, पण सर्व्हरवर जाईपर्यंत ती फक्त त्या फोनमध्येच असते. वाघांच्या जंगलात गस्त घालणारे वनरक्षक एम-स्ट्राइप्स हे ॲप वापरतात. त्यात रेंज नसतानाही नोंद होते, रेंजमध्ये आल्यावर ती वर जाते. मधल्या वेळात फोन नाल्यात पडला तर कुठलाही लॉग कामाला येत नाही.

गैरसमज : दोन यंत्रं आहेत म्हणजे दोन प्रती आहेत.

ताडोब्यातल्या वाघांच्या गणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. पाहणाऱ्याला वाटतं, एक बिघडला तर दुसरा आहेच. पण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून दोन कॅमेरे लागतात. एका कॅमेऱ्याचं कार्ड गेलं तर ती बाजू गेली. दुसऱ्या कार्डातून ती परत मिळत नाही.

कार्यालयातल्या सर्व्हरबद्दलही हाच घोळ होतो. ‘रेड’ नावाची रचना 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडायच्या आणि त्यात थोडी जास्तीची माहिती ठेवायची. एका डिस्कवर 14, दुसरीवर 9 आणि तिसरीवर त्यांची बेरीज 23 असेल, तर कुठलीही एक डिस्क जळली तरी उरलेल्या दोन्हींवरून तिचा आकडा काढता येतो. प्रत्यक्षात बेरजेच्या जागी बिटांची क्रिया असते, तत्त्व हेच. यामुळे डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. मात्र कुणी चुकून फाइल पुसली, किंवा व्हायरसनं ती कुलूपबंद केली, तर हा बदल त्याच क्षणी सगळ्या डिस्कवर उतरतो. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हर विकणारे हे क्वचितच सांगतात.

गैरसमज : मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्हवर घेतलं की कायमचं झालं.

तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1980च्या दशकात शोधलेली फ्लॅश मेमरी माहिती साठवते ती सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात. हा भार हळूहळू गळतो, आणि उष्णतेनं जास्त वेगानं गळतो. चंद्रपूरचा उन्हाळा 45 अंशांच्या वर सहज जातो. पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात वर्षानुवर्षं पडलेला पेनड्राइव्ह ही ग्रामसभेच्या कागदपत्रांसाठी मुळीच भरवशाची जागा नाही.

उलट, कार्ड चुकून फॉरमॅट झालं तर सगळं संपलं असंही समजू नका. बहुतेक वेळा आधी फक्त यादी पुसली जाते, फोटो जागेवरच असतात. त्या कार्डावर नवीन काहीही न लिहिता ते बाजूला काढून ठेवलं तर परत मिळण्याची आशा असते. पुराच्या पाण्यात भिजलेल्या हार्ड डिस्कला ‘चालते का’ म्हणून वीज जोडू नका, टकटक आवाज करणारी पुन्हा पुन्हा सुरू करू नका. ती फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला यूट्यूबवर मिळतो. तो तिथेच राहू द्या.

गैरसमज : क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे.

क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीतले संगणक. इमारती जळतात. मार्च 2021मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ‘ओव्हीएच’चं एक डेटा सेंटर खाक झालं, आणि ज्या ग्राहकांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांच्या हाती काही राहिलं नाही. सप्टेंबर 2025मध्ये दक्षिण कोरियाच्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवण्याची ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा, सुमारे 858 टेराबाइट माहितीसह गेली. तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती. जगातल्या अत्यंत प्रगत देशांपैकी एकाची ही गोष्ट.

गैरसमज : आता कागदाची गरज राहिली नाही.

21 जून 2012ला मंत्रालयाच्या आगीत ढिगानं फाइली जळाल्या, तेव्हा कागदाचा दुबळेपणा महाराष्ट्रानं पाहिला आहे. पण दोष कागदाचा कमी आणि एकाच जागी एकच प्रत असण्याचा जास्त. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असे दावे ज्यावर चालतात ते वनहक्क नियम या बाबतीत फार शहाणे आहेत. 2008 सालापासून लागू असलेल्या या नियमांतला 13वा नियम सरकारी अभिलेख, नकाशे, जागेवरच्या खुणा आणि जाणत्या माणसांचे लेखी जबाब अशी पुराव्यांची यादी देतो, आणि हक्क ठरवताना एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायला सांगतो. 2012च्या दुरुस्तीनं उपग्रहाची चित्रंही पूरक ठरवली. इतर पुराव्यांऐवजी ती चालणार नाहीत असं बजावलं. एक अभिलेख गहाळ झाला तर दुसरा बोलेल. रेडच्या मागेही हाच विचार आहे.

गैरसमज : बॅकअप रोज होतो, म्हणजे काळजी मिटली.

सगळ्यांत घातक समजूत ही. 31 जानेवारी 2017च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. कंपनीकडे बॅकअपच्या एक-दोन नव्हे, अनेक व्यवस्था होत्या. शोधायला गेल्यावर कळलं की सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्यानं रोजचा बॅकअप होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेलही मध्येच नाकारले जात होते. अखेर सुमारे सहा तासांपूर्वी एका कर्मचाऱ्यानं वेगळ्याच कामासाठी घेतलेली प्रत होती, म्हणून निभावलं. मधल्या वेळातल्या नोंदी गेल्याच.

तेव्हा ग्रामसभेचा सचिव, सेतू केंद्राचा चालक, शाळेचा लिपिक किंवा घरचे फोटो सांभाळणारी व्यक्ती, कुणीही असा, तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असू द्या आणि त्यातली एक गावाबाहेर, पुराच्या वाटेत नसलेल्या जागी ठेवा. आणि यंदा मृगाआधी एक दिवस काढून बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहा. उघडली नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही.