तारेचा हिशेब आणि जवारीचे कोडे

ताणलेल्या तारेवर छेडताक्षणी उमटणारा आकार हा वस्तुतः परस्परविरुद्ध दिशांनी धावणाऱ्या दोन तरंगांची बेरीज होय, असे फ्रेंच गणितज्ञ द'आलाँबेर याने १७४७ साली सिद्ध केले. परंतु त्या सिद्धान्तावरून प्रत्यक्ष तारेवाचून तारेचा ध्वनी निर्माण करण्याची सोपी तजवीज लाभण्यास दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे केव्हिन कारप्लस व अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेली रीत थक्क करणारी आहे. दोनशे आकड्यांची एक रांग घ्यावी आणि तीत वाटेल ते आकडे भरावेत. रांगेच्या तोंडाशी असलेला आकडा ध्वनिरूपाने बाहेर सोडावा, आणि तो व त्याच्या मागचा यांची सरासरी काढून ती रांगेच्या शेवटी दाखल करावी. सेकंदाला ४४,१०० आकडे या गतीने हा व्यवहार अव्याहत चालविला, म्हणजे सुमारे २२० आंदोलनांचा, छेडलेल्या तारेसारखा स्वर ऐकू येतो. कारण उघड आहे: रांगेची लांबी म्हणजे तरंगाने तारेवर जाऊन परत येण्यास घेतलेला अवधी, आणि सरासरी म्हणजे प्रत्येक फेरीत होणारी शक्तीची घट, ही घट द्रुत आंदोलनांना अधिक जाचत असल्यामुळे आरंभीचा तीक्ष्णपणा आधी ओसरतो व मूळ स्वर मागे रेंगाळतो, जसे खऱ्या तारेच्या बाबतीतही घडते.

तंबोरा मात्र या कायद्याच्या अंमलात सुखासुखी येत नाही. त्याच्या घोडीचा माथा रुंद व किंचित बाकदार असल्याने कंप पावणारी तार त्यावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. म्हणजे तरंग जेथून परततो ती सरहद्दच स्थिर नसते. ज्या बिंदूवर तार छेडावी, तेथे ज्यांचा निष्पंद, म्हणजे कंप न पावणारा बिंदू, पडतो ते उपस्वर एरवी उमटू नयेत, पण तंबोऱ्यात तेही उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ सालीच नमूद केले होते. म्हणून येथे केवळ सरासरी पुरत नाही. तार घोडीला कोठे व केव्हा भिडते याचाही हिशेब प्रत्येक क्षणी ठेवावा लागतो.

मिरजेचे कारागीर घोडी घासून व तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा हा उपस्वरांनी भरलेला नाद, साधतात, तिच्यात हेच ज्ञान हातांच्या ठायी मुरलेले आहे. तंबोऱ्याचे हुबेहूब अनुकरण ज्याला करावयाचे असेल, त्याने तारेइतकेच घोडीचेही शास्त्र आत्मसात केले पाहिजे. आणि ते करताना गणिताने या कारागिरांकडे शिष्यभावाने जावे, यातच त्याचे हित आहे.