लहान मालवाहू विमानांवरील उड्डाणानुभव
लहान मालवाहू विमाने चालवून उड्डाणाचे तास जमवणे हा अमेरिकेत प्रवासी विमान कंपनीत वैमानिक होण्याचा एक प्रचलित मार्ग आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ झालेल्या विमान अपघातात ५० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर २०१३ पासून तेथील विमान कंपन्यांमधील सहवैमानिकासही साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव आवश्यक ठरला. लहान विमानांतून भाड्याने माल नेताना मात्र उपकरणांच्या आधारे उड्डाण करणाऱ्या मुख्य वैमानिकास १,२०० तास पुरतात. त्यांपैकी १०० तास रात्रीचे असावे लागतात. सेसना २०८ कॅराव्हॅनसारखे मालवाहू विमान बहुधा एकच वैमानिक चालवतो. अंधार, खराब हवामान, पंखांवर साचणारा बर्फ आणि थकवा यांना तोंड देत सर्व निर्णय त्यालाच घ्यावे लागतात. यामुळे निर्णयक्षमता वाढते. मात्र चूक वेळीच लक्षात आणून देणारा सहकारी शेजारी नसल्याने धोकाही वाढतो.